थेंबाचा मुकुट आणि पुसलेले फोटो



आमचे सारे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. भौतिकशास्त्राला आम्ही आजही सवयीने ‘भौतिकी’च म्हणतो. तेव्हा मराठी लिहिताना कुठे शब्द अडखळला तर सांभाळून घ्यावे. विषय मात्र मनापासून सांगावासा वाटतो.

गेल्या विज्ञान प्रदर्शनात आठवीच्या एका गटाने दुधाच्या थेंबाचा फोटो लावला होता. ताटलीतल्या दुधाच्या पातळ थरावर थेंब पडला की क्षणभर त्याचा मुकुट होतो. कडेला टोके आणि टोकांवर बारीक मोती. मोबाईलवर टिपलेला तो फोटो इतका देखणा होता की सगळे तिथे थांबत होते. सहावीतल्या एका मुलीने विचारले, “प्रत्येक थेंबाचा असाच मुकुट होतो का?” मुले म्हणाली, “हो.” शेजारी उभे असलेले आम्हीही मान डोलावली. त्या गटाला पहिले बक्षीस मिळाले.

दोन दिवसांनी आमच्या विज्ञानाच्या बाईंनी तोच प्रयोग प्रयोगशाळेत केला. दहा थेंब सोडले आणि दहा वेगवेगळे आकार मिळाले. कुठे मुकुट एका बाजूला उंच, कुठे अर्धाच, कुठे टोके कमी-जास्त. मुलांना बोलावून विचारले, तर ती सहज म्हणाली, “सर, बाकीचे फोटो खराब आले होते, म्हणून डिलीट केले.”

मुले खोटे बोलली नव्हती. जे सुंदर तेच खरे, असे त्यांना वाटले, आणि आम्हालाही तसेच वाटले. म्हणून आजचा पाठ याच विषयावर आहे.

डोळ्याला न दिसणारे

घोडा चौखूर उधळतो तेव्हा त्याचे चारही पाय एकाच वेळी जमिनीवरून सुटतात का? हा प्रश्न जुना. नुसत्या डोळ्यांनी तो सुटेना, कारण पायांची हालचाल फार जलद असते. चित्रकार मात्र घोड्याचे पुढचे पाय पुढे आणि मागचे मागे ताणलेले, असा हवेत तरंगता घोडा बिनदिक्कत रंगवत असत.

जून १८७८ मध्ये अमेरिकेत कॅलिफोर्नियातील पालो आल्टो येथे एडवर्ड मायब्रिज या छायाचित्रकाराने धावपट्टीच्या कडेने बारा कॅमेरे ओळीने लावले. घोडा धावताना वाटेतले दोरे ताणले जात आणि एकेक कॅमेरा आपोआप चित्र घेई. उत्तर मिळाले. चारही पाय खरोखरच जमिनीवरून सुटतात, पण ते ताणलेले असताना नव्हे, तर पोटाखाली गोळा झालेले असताना. चित्रकारांनी शतकानुशतके काढलेली ती ऐट घोड्याच्या दौडीत सापडली नाही. कॅमेऱ्याने वेळेचे तुकडे करून दाखवले, हे त्याचे पहिले मोठे काम.

वर्दिंग्टन यांची गोष्ट

दुसरी गोष्ट आमच्या थेंबाचीच आहे. इंग्लंडमध्ये आर्थर वर्दिंग्टन (१८५२–१९१६) नावाचे भौतिकशास्त्रज्ञ होते. काजळी धरलेल्या काचेवर शाईचे थेंब चुकून पडले आणि त्यांचे नक्षीदार ठसे उमटले. ते एका शाळकरी मुलाच्या नजरेस आले, आणि तिथून १८७५ च्या सुमारास वर्दिंग्टन यांच्या अभ्यासाला सुरुवात झाली.

त्यांची पद्धत अशी. खोलीत पूर्ण अंधार करायचा. थेंब सोडायचा. थेंब पडल्यानंतर ठरलेल्या क्षणी विजेची ठिणगी पाडायची. त्या निमिषभराच्या उजेडात जे दिसेल ते लगेच कागदावर उतरवायचे. पुढच्या थेंबाला ठिणगी किंचित उशिरा पाडायची. अशी चित्रे ओळीने लावली की थेंब पडण्यापासून मुकुट विरेपर्यंतची सारी कथा तयार होई. त्यांच्या चित्रांतले मुकुट चारही बाजूंनी अगदी सारखे असत.

जवळजवळ वीस वर्षांनी, १८९४ मध्ये, त्यांना ठिणगीच्याच उजेडात थेंबाचे छायाचित्र घेता आले. छायाचित्रांत मुकुट वाकडेतिकडे होते. कुठलाही मुकुट पूर्ण सारखा नव्हता. वर्दिंग्टन यांनी आपली जुनी चित्रे पुन्हा तपासली. पाहतात तर काय, वाकडे मुकुट त्यांनी पूर्वीही पाहिले होते आणि काढलेही होते! पण मनात एक आदर्श मुकुट ठरलेला होता. त्याच्याशी न जुळणारा प्रत्येक थेंब ‘बिघडलेला’ समजून त्यांनी बाजूला ठेवला होता.

वर्दिंग्टन लबाड नव्हते. ते अतिशय काळजीपूर्वक काम करणारे गृहस्थ होते. आपली चूक त्यांनी लपवली नाही, उलट जाहीरपणे सांगितली. १९०८ मध्ये थेंबांच्या उसळीवरचे त्यांचे पुस्तक छायाचित्रांसह प्रसिद्ध झाले. शास्त्रज्ञाचा मोठेपणा आम्हाला यात दिसतो.

कॅमेराही पुरेसा नाही

कोणी म्हणेल, आता कॅमेरा आला, प्रश्न मिटला. पण आमच्या आठवीच्या मुलांकडे कॅमेराच होता! कॅमेऱ्याने सगळे थेंब इमानदारीने टिपले, निवड केली ती माणसाने. अमेरिकेतील अभियंते हॅरोल्ड एजर्टन यांनी १९५७ मध्ये घेतलेला दुधाच्या मुकुटाचा रंगीत फोटो जगप्रसिद्ध आहे. असा रेखीव मुकुट मिळावा म्हणून त्यांनी वर्षानुवर्षे प्रयत्न केले होते. तो फोटो भिंतीवर लावावा असाच आहे. पण ‘मुकुटाला टोके किती येतात?’ हा प्रश्न असेल, तर तो एक फोटो उत्तर देऊ शकत नाही. त्यासाठी सगळे थेंब हवेत, वाकडेसुद्धा.

आजचे शास्त्रज्ञ ही खबरदारी कशी घेतात पाहा. १० एप्रिल २०१९ रोजी कृष्णविवराचे पहिले चित्र जगासमोर आले. एम ८७ नावाच्या, सुमारे साडेपाच कोटी प्रकाशवर्षे दूर असलेल्या दीर्घिकेतले ते कृष्णविवर. एप्रिल २०१७ मध्ये पृथ्वीवरच्या अनेक रेडिओ दुर्बिणींनी मिळून त्याची निरीक्षणे घेतली होती. अशा नोंदींतून चित्र गणिताने तयार करावे लागते, आणि तिथे मनातले चित्र उमटण्याचा धोका फार. म्हणून चार गट केले गेले. त्यांनी एकमेकांशी चर्चा न करता आपापले चित्र तयार केले आणि नंतरच ती चित्रे शेजारी ठेवली. चौघांनाही तशीच तेजस्वी कडी दिसली, तेव्हा कुठे विश्वास बसला.

करून पाहा

१. काळ्या ताटलीत चमचाभर दूध पसरा. थर पातळ हवा. भरपूर उजेडात, ऊन असेल तर उत्तम, ताटली ठेवा.

२. ताटलीशेजारी मोजपट्टी उभी करा. मोजपट्टीशिवाय फोटोवरून लांबी सांगता येत नाही.

३. ड्रॉपरने ५० सेंटिमीटर उंचीवरून थेंब सोडा आणि मोबाईलच्या स्लो मोशनमध्ये चित्रण करा.

४. असे दहा थेंब सोडा. प्रत्येकाला क्रमांक द्या. उंची, तारीख, वेळ आणि मुकुटाची टोके वहीत लिहा. एकही चित्रण पुसू नका.

थोडे गणित : ५० सेंटिमीटरवरून पडणाऱ्या थेंबाचा वेग ताटलीपाशी सेकंदाला सुमारे ३.१ मीटर असतो. मोबाईल सेकंदाला २४० चित्रे घेत असेल, तर दोन चित्रांच्या मध्ये थेंब सुमारे १.३ सेंटिमीटर खाली येतो. मधले काहीच दिसत नाही. वर्दिंग्टन प्रत्येक वेळी नवा थेंब सोडून ठिणगी किंचित उशिरा का पाडत, हे यावरून कळेल.

विचार करा : एकच उंची, एकच ड्रॉपर, तरी मुकुट वेगवेगळे का? थेंब किंचित हेलकावत आला असेल का? दुधाचा थर सगळीकडे सारखा होता का? ज्याला आपण ‘खराब फोटो’ म्हणतो, त्यात हेच प्रश्न दडलेले असतात.

थोडे स्वतःविषयी

महाविद्यालयात असताना लंबकाच्या प्रयोगात आमचे गुरुत्व त्वरणाचे उत्तर ९.२ आले होते. पुस्तकात ९.८ होते. आम्ही रबराने खोडून ९.८ लिहिले आणि पूर्ण गुण मिळवले. दोरीची लांबी मोजताना चूक झाली की वेळ मोजताना, हे आम्हाला आजतागायत ठाऊक नाही. ते शोधण्याची संधी आम्ही रबराने पुसली. पुढे शिक्षक झाल्यावर पुस्तकाशी जुळणाऱ्या वह्यांनाच आम्हीही पूर्ण गुण देत आलो. म्हणजे मुलांनी फोटो पुसले, ते आमच्याकडूनच शिकून.

म्हणून या सत्रापासून प्रात्यक्षिकाच्या वहीत खाडाखोड दिसली तर गुण कापले जाणार नाहीत. चुकलेले वाचन एका रेघेने छेदावे, खाली वाचता आले पाहिजे. उत्तर पुस्तकापेक्षा वेगळे आले आणि त्याचे कारण शोधण्याचा प्रयत्न केला, तर त्याचे गुण मिळतील. पालकांना विनंती की प्रदर्शनाचा तक्ता घरी सुबक करून देऊ नये. मुलांचा वाकडा मुकुट वाकडाच येऊ द्यावा. विश्वस्त मंडळींकडे आम्ही महागडा कॅमेरा मागत नाही. दहा मोजपट्ट्या, काही ड्रॉपर आणि प्रयोगशाळेच्या खिडकीत चांगला उजेड, एवढे पुरे आहे.

आठवीच्या गटाचे बक्षीस आम्ही काढून घेतले नाही. त्यांनी प्रयोग पुन्हा केला, आणि आता वरच्या मजल्याच्या व्हरांड्यात सगळे थेंब ओळीने लावले आहेत, बिघडलेलेही. त्या सहावीतल्या मुलीला मुलांनी स्वतः बोलावून नेले आणि सांगितले, “नाही, प्रत्येकाचा तसा होत नाही.” आमचेही उत्तर त्या दिवशी चुकले होते, हे आम्ही तिला सांगितले.

पालकांनी शाळेत येतील तेव्हा ती ओळ जरूर पाहावी.