कॅफीन : चहाची तरतरी येते कुठून?



दहावी-बारावीच्या परीक्षा जवळ आल्या की रात्री उशिरापर्यंत घरात दिवा चालू असतो आणि वहीशेजारी चहाचा कप असतो. हल्ली कपाच्या जोडीला एनर्जी ड्रिंकचा कॅनही दिसू लागलाय. "चहा घेतला की झोप जाते," असं आपण सगळेच म्हणतो. पण ती झोप जाते कुठे? आजच्या पाठात हेच पाहूया.

चहा, कॉफी आणि कोको या वनस्पतींमध्ये कॅफीन नावाचे रसायन नैसर्गिकरीत्या असते. किडींनी आपल्याला खाऊ नये म्हणून वनस्पतीने केलेली ती एक सोय आहे. १८१९ मध्ये रुंगे या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने कॉफीच्या बियांतून ते प्रथम वेगळे काढले.

आता मुख्य मुद्दा. आपण जागे असतो तेव्हा मेंदूच्या पेशी ऊर्जा वापरत असतात आणि त्यातून ॲडिनोसिन नावाचा पदार्थ साठत जातो. मेंदूच्या पेशींवर त्याच्यासाठी ठरावीक जागा असतात, त्यांना ग्राही म्हणतात. ॲडिनोसिन तिथे जाऊन बसले की मेंदूचे काम मंदावते, जांभया येतात, डोळे जड होतात. कॅफीनच्या रेणूची ठेवण ॲडिनोसिनशी मिळतीजुळती असते, त्यामुळे ते त्याच जागा अडवते. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून सीट धरतात ना, अगदी तसं! रुमाल पडला की मागून आलेला माणूस उभाच राहतो. पण तो गाडीतून उतरलेला नसतो. तसेच ॲडिनोसिनही कुठे जात नाही, उलट वाढत राहते. काही तासांनी रुमाल निघाला की उभी गर्दी एकदम बसते. रात्री जागून अभ्यास केल्यावर नेमकं पेपरच्या वेळी डोकं जड होतं, त्यामागे हेही एक कारण असतं.

म्हणजे कॅफीन शक्ती देत नाही, थकवा झाकते. चहातून जी थोडीफार ऊर्जा मिळते ती साखरेची आणि दुधाची. शिवाय कॅफीनमुळे ॲड्रिनलीन वाढते, काहींची छाती धडधडते, हात थरथरतात, रक्तदाब थोडा वेळ चढतो, लघवीला जरा जास्त जावे लागते. कोणाला पित्त होते, तर कोणाला काहीच होत नाही. माणसागणिक हा फरक असतो, कारण कॅफीनचा निचरा यकृत करते आणि प्रत्येकाच्या यकृताचा वेग सारखा नसतो.

हा वेग मोजायला थोडं गणित करू. घेतलेल्या कॅफीनपैकी निम्मे शरीरातून कमी व्हायला प्रौढ व्यक्तीत सरासरी ५ तास लागतात. समजा, रात्री ९ वाजता १०० मिलिग्रॅम कॅफीन असलेली कॉफी घेतली. रात्री २ वाजता अंगात ५० मिलिग्रॅम शिल्लक, सकाळी ७ वाजता २५! म्हणजे २ वाजता पुस्तक मिटून आडवे झालात तरी अर्धा कप कॉफी अंगात आहेच. झोप लागली तरी गाढ झोप कमी होते. आणि दिवसभर वाचलेले स्मरणात पक्के बसते ते झोपेतच. २०१३ मधल्या एका अमेरिकन अभ्यासात झोपण्याच्या ६ तास आधी ४०० मिलिग्रॅम कॅफीन घेतलेल्यांची झोप एक तासाहून जास्त घटली होती. आता सांगा, रात्रीची ती कॉफी अभ्यासाला मदत करते की अभ्यास पुसते? माझं मत विचाराल तर दुपारी ४ नंतर कप नकोच.

किती घ्यावे? आपल्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शिकेनुसार दिवसाला ३०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त कॅफीन नको. १५० मिलिलिटरच्या कपात चहात ३० ते ६५, इन्स्टंट कॉफीत ५० ते ६५ आणि गाळलेल्या कॉफीत ८० ते १२० मिलिग्रॅम कॅफीन असते. मुलांसाठी युरोपातील अन्नसुरक्षा संस्था वजनाच्या किलोमागे ३ मिलिग्रॅम ही सुरक्षित मर्यादा मानते. ४५ किलोच्या विद्यार्थ्याला ती १३५ मिलिग्रॅम पडते. दोन इन्स्टंट कॉफी आणि एक चहा झाला की मर्यादा बहुधा ओलांडलीच. एनर्जी ड्रिंकमध्ये आपल्याकडे लिटरला ३०० मिलिग्रॅमपर्यंत परवानगी आहे, म्हणजे २५० मिलिलिटरच्या कॅनमध्ये ७५ पर्यंत, वर भरपूर साखर. हे पेय मुलांसाठी नाही असे डब्यावरच बारीक अक्षरांत छापलेले असते. ते वाचतो कोण, हा प्रश्न वेगळा!

आणखी एक गोष्ट, जी खरं तर कॅफीनची नाहीच, पण कपात तीही असते. चहातील टॅनिनमुळे जेवणातले लोह शरीरात नीट शोषले जात नाही. आपल्याकडे सकाळी चहा-चपाती खाऊन शाळेत येणारी मुलं कमी नाहीत, आणि मुलींमध्ये रक्त कमी असण्याचा प्रश्न किती मोठा आहे हे वेगळं सांगायला नको. त्याच मार्गदर्शिकेत जेवणाआधी आणि नंतर निदान एक तास चहा-कॉफी टाळा, असे म्हटले आहे. चपाती भाजीशी किंवा शेंगदाण्याच्या चटणीशी खा, वर लिंबू पिळा, चहा नंतर प्या.

रोजची सवय असेल तर एकदम बंद करू नका. मेंदूने अडवलेल्या जागांची भरपाई म्हणून नव्या जागा तयार केलेल्या असतात. त्यामुळे शेवटच्या कपानंतर १२ ते २४ तासांत डोकं ठणकायला लागतं, चिडचिड होते. आपण याला 'तलफ' म्हणतो. आठवडाभरात एकेक कप कमी करा, किंवा कप तोच ठेवून चहा अर्धा घ्या. गरोदर स्त्रियांनी मर्यादा आणखी कमी ठेवावी, आणि हृदयाचा त्रास असलेल्यांनी डॉक्टरांना विचारावे.

उपक्रम : तीन दिवस घरातील प्रत्येकाने किती वाजता, किती कप चहा-कॉफी घेतली आणि रात्री झोप कधी लागली याचा तक्ता वहीत करा. वरच्या आकड्यांवरून प्रत्येकाचे दिवसाचे कॅफीन काढा. आजी-आजोबांचा संध्याकाळचा चहा मोजायला विसरू नका, पण तो बंद करा असं मात्र तुम्ही सांगू नका. तक्ता दाखवा, ते स्वतःच काय ते ठरवतील.