अभ्यासिकेशेजारचे दफ्तर

मृगाच्या सरींच्या सुमारास विद्यापीठांचे निकाल लागू लागले, की माझ्याकडे सल्ल्यासाठी येणाऱ्या पालकांच्या मुखातून एकच प्रश्न, थोड्याफार शब्दभेदाने परंतु त्याच कातर स्वरात, वर्षानुवर्षे ऐकू येतो: मुलाने इतिहास घेऊन पदवी संपादन केली आहे, तर आता त्यास स्पर्धा परीक्षेच्या तयारीसाठी ताबडतोब पुण्यास पाठवावे, की आधी एम. ए. होऊ द्यावे? प्रश्नाची रचनाच अशी असते, की दोन्ही वाटा अखेर लोकसेवा आयोगाच्याच दारी जाऊन थांबतात. आणि ज्या विषयात मुलाने तीन वर्षे घालविली, त्या विषयाचे पुढे काय, हे विचारण्याचे कोणासही सुचत नाही.

इतिहासाच्या पदवीधरास अध्यापन, विधी, वृत्तपत्रव्यवसाय, पर्यटन हे मार्ग मोकळे आहेतच. त्यांची माहिती कोणत्याही महाविद्यालयात मिळते, म्हणून येथे विस्तार करीत नाही. ज्यास प्रशासनाची खरी ओढ आहे, त्याने परीक्षाही अवश्य द्यावी. परंतु दुसरे काही सुचले नाही म्हणून, शेजारचा गेला म्हणून, किंवा लग्नाच्या बाजारात ‘तयारी करतो आहे’ एवढे सांगता यावे म्हणून जो मुलगा भाड्याच्या खोलीत आणि अभ्यासिकेच्या खुर्चीवर आपली पाच-सहा वर्षे झिजवितो, त्याच्या पालकांना मी स्पष्ट शब्दांत सांगतो, की आपण मुलाचे तारुण्य गहाण टाकीत आहात. जागा शेकड्यांत आणि उमेदवार लाखांत असतात, हा हिशेब कळण्यास गणिताची पदवी लागत नाही.

ज्या सदाशिव पेठेत या अभ्यासिका दाटीवाटीने उभ्या आहेत, त्याच पेठेत भारत इतिहास संशोधक मंडळाची वास्तू आहे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे आणि सरदार खं. चिं. मेहेंदळे यांनी ७ जुलै १९१० रोजी स्थापिलेल्या या संस्थेच्या कपाटांतून मोडी आणि फारसी कागदांचे रुमाल रचून ठेवलेले आहेत. थोड्या अंतरावर पुराभिलेखागारात पेशवे दफ्तर आहे, ज्यातील निवडक कागद गो. स. सरदेसाई यांनी १९३० नंतरच्या काही वर्षांत ४५ खंडांत संपादून काढले, तरी जे छापले गेले ते मूळ संग्रहाच्या मानाने मूठभरच. धुळ्यास राजवाडे संशोधन मंडळ आहे, तंजावरास सरस्वती महाल आहे, पणजीस पोर्तुगीज दफ्तरखाना आहे. इतिहासाचा पदवीधर या दारांवरून रोज जातो आणि आत जावे असे त्यास कोणी सांगत नाही, हे मला असह्य होते.

आत गेल्यावर काय शिकावे लागते, याचा एकच मासला देतो. अठराव्या शतकातील मराठी कागदावर बहुधा इसवी सन नसतो. तेथे शुहूर सन असतो, आणि तोही आकड्यांत नव्हे, अरबी संख्यावाचकांत लिहिलेला. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ या अक्षरांपुढे नवखा विद्यार्थी स्तब्ध होतो. परंतु इहिदे म्हणजे एक, सितैन म्हणजे साठ, मया म्हणजे शंभर आणि अलफ म्हणजे हजार, एवढे त्यास कोणी उलगडून दाखविले, की ११६१ हा आकडा हाती येतो. त्यात, महिना पाहून, ५९९ किंवा ६०० मिळविले म्हणजे आपण १७६०-६१ मध्ये, पानिपताच्या वर्षात, येऊन पोहोचतो. हे वर्षही जानेवारीत नव्हे, सूर्य मृग नक्षत्रात आला म्हणजे सुरू होते, कारण ते शेतसाऱ्याच्या सोयीचे साल होते. एका ओळीत अरबी भाषा, खगोल आणि शेती एकत्र आलेली पाहून ज्या विद्यार्थ्याचे डोळे चमकतात, तो या कामाचा. ज्यास जांभई येते, त्यास मी आग्रह करीत नाही.

या कामासाठी शिष्यवृत्ती मिळू शकते असे म्हटले, की पालक प्रथम रक्कम विचारतात, आणि ते विचारणे रास्त आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाची कनिष्ठ संशोधन वृत्ती ‘नेट’ परीक्षेतून मिळते. जानेवारी २०२३ पासून ती पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० रुपये आणि पुढे ४२,००० रुपये आहे. बार्टी, सारथी आणि महाज्योती या राज्याच्या संस्था आपापल्या समाजघटकांतील पीएच. डी.च्या विद्यार्थ्यांना अधिछात्रवृत्ती देतात. भारतीय इतिहास अनुसंधान परिषद दफ्तरखान्यांपर्यंत जाऊन अभ्यास करण्यासाठी प्रवासाचे अनुदानही देते. स्थानिक इतिहास संस्थांच्या स्वतःच्या वृत्त्या, जेथे असतील तेथे, याहून लहान असतात. तरी लहान वृत्तीचेही मोल असते. उदाहरणार्थ, बोस्टन येथील १७९१ साली स्थापन झालेली मॅसॅच्युसेट्सची इतिहास संस्था अभ्यासकांना आपल्या संग्रहात सुमारे चार आठवडे बसून काम करण्यासाठी वृत्ती देते. चार आठवड्यांत कोणी श्रीमंत होत नाही, तरी त्यासाठी दुरून विद्वान अर्ज करतात, कारण तेथे मूळ कागद, बसण्यास मेज आणि चुकलेले वाचन सुधारणारा जाणता माणूस या तीन गोष्टी एकत्र लाभतात.

अर्जाविषयी थोडे कठोर बोलतो. ‘मराठ्यांची राज्यव्यवस्था’ असा विषय लिहून पाठविणाऱ्याचा अर्ज बाजूस पडतो, आणि तो पडणेच योग्य होय. एका परगण्याचा दहा वर्षांचा ताळेबंद, एका कसब्याच्या पेठेवरील जकात, एका वतनाच्या तंट्यातील महजर, असा विषय बांधावा. कोणत्या संग्रहातील कोणते रुमाल पाहणार, ते लिहावे. आणि त्यापूर्वी मोडी शिकून घ्यावी. मोडीचे वर्ग पुराभिलेख विभागातर्फे आणि इतिहास मंडळांतूनही भरतात. न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या २०२३ मधील नेमणुकीनंतर कुणबी नोंदी शोधण्यासाठी मोडी जाणकारांची गरज जिल्होजिल्ही भासली, तेव्हा ही विद्या किती विरळ झाली आहे ते साऱ्या महाराष्ट्राने पाहिले.

वृत्ती संपल्यावर नोकरीची हमी कोणी देत नाही, हे मी लपवीत नाही. ज्या घरात मुलाच्या मिळकतीवर चूल अवलंबून आहे, तेथे आधी मिळकत, मागाहून दफ्तर. परंतु अभ्यासिकेचे भाडे पाच वर्षे विनातक्रार भरणारा बाप शिष्यवृत्तीच्या दोन वर्षांचे नाव काढताच घरदार बुडाल्यासारखा का होतो, याचे उत्तर मला अद्याप मिळालेले नाही. ‘लोक काय म्हणतील’ ही भीती मुलाची नसते, आपली असते; ती मुलाच्या अर्जावर लिहू नये.

मागे एक निवृत्त तलाठी आपल्या मुलीस घेऊन आले होते. तिने तहसीलदार व्हावे, एवढाच त्यांचा हट्ट. मी वाद न घालता दोघांना एका संग्रहात पाठविले. मुलीने नव्याने शिकलेल्या मोडीत एका गावचा जमीनझाडा वाचण्यास घेतला आणि ‘पांड’ या शब्दापाशी अडली. वडील मागे उभे होते. वीस पांडांचा एक बिघा आणि एकशेवीस बिघ्यांचा एक चावर, हे कोष्टक त्यांनी आपल्या आजोबांच्या तोंडून ऐकले होते. ते त्यांनी तिला सांगितले, मग खुर्ची ओढून शेजारी बसले, आणि संग्रह बंद होण्याची वेळ झाली तेव्हा उद्या किती वाजता उघडतो, असे त्यांनीच विचारले.