बंद घरातला तंदूर

हिमाचलात बाहेरच्या माणसाला सहजासहजी जमीन घेता येत नाही. १९७२च्या कायद्याचं कलम ११८ आड येतं. म्हणून कुल्लू खोऱ्यातलं आमचं सुट्टीचं घर भाडेपट्ट्याचं आहे. खोलीत पत्र्याचा तंदूर, त्याचं नळकांडं छताबाहेर गेलेलं. पुण्या-मुंबईचे पाहुणे त्याला शेकोटी समजतात. शेकोटीचा धूर मोकळ्यावर जातो, याचा नळकांड्याच्या भरवशावर. आणि घर बंद असताना त्या नळकांड्याकडे कोणी पाहिलेलं नसतं.

१. आल्या आल्या पेटवू नये. मधल्या महिन्यांत नळकांड्यात पाखरं घरटं करतात, सांधे गंजून सुटतात, हिवाळ्यात टोक बर्फाखाली जातं. आधी बाहेर जाऊन टोक बघावं. हंगामापूर्वी एकदा नळकांडं उतरवून काजळी झाडून घ्यावी. गावातला माणूस हे काम चोख करतो, त्याच्याशी मजुरीवरून घासाघीस करू नये.

२. थंड नळकांड्यातून धूर उलटा खोलीत येतो. आधी कागदाचा बोळा जाळावा, ज्वाळा वर ओढली जाऊ लागली की ढलप्या, मग लाकडं. रॉकेल-पेट्रोल कधीच नाही.

३. नुकत्याच तोडलेल्या लाकडात निम्मं वजन पाण्याचं असू शकतं. ते धुमसतं आणि नळकांड्यात डांबरासारखी काजळी धरते. पुढे एखाद्या रात्री ती काजळीच पेटते, नळकांडं घुमायला लागतं. तसं झालं तर तंदूरचं दार आणि हवेची झडप बंद करून सगळ्यांनी बाहेर पडावं, ११२ला फोन करावा. तापलेल्या पत्र्यावर पाणी ओतू नये. वाळलेली लाकडं एकमेकांवर आपटली की खणखणीत वाजतात; लाकूडवाल्यासमोरच वाजवून घ्यावीत.

४. खरी भीती कार्बन मोनॉक्साइडची. त्याला ना रंग, ना वास. डोकं दुखतं, मळमळतं, गुंगी येते आणि पाहुणे म्हणतात, "उंचीचा त्रास होतोय, जरा पडतो." मनाली सुमारे २,००० मीटरवर आहे, विरळ हवेचा त्रास सहसा २,५०० मीटरच्या वर होतो. एकाच खोलीतल्या दोघांचं डोकं दुखायला लागलं, तर गोळी शोधत बसू नका, दार उघडा, सगळ्यांना बाहेर काढा, डॉक्टर गाठा. खोलीत अलार्म लावावाच; एका जेवणाच्या बिलात येतो. तो असला तरी खिडकी बोटभर उघडी हवी. रात्रभर ऊब राहावी म्हणून झडप आवळून झोपणं हा मला निव्वळ अडाणीपणा वाटतो. तंदूर विझू द्यावा आणि दोन रजया घ्याव्यात.

५. नळकांड्यावर मोजे वाळत घालू नयेत. घालतातच!

६. राखेतले निखारे दोन-दोन दिवस जिवंत राहतात. राख झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात भरून घराबाहेर दगडावर ठेवावी, प्लास्टिकच्या बादलीत कधीही नाही. घाईत चूक होते ती निघण्याच्या दिवशीच. गाडी सकाळची असेल, तर शेवटचं लाकूड आदल्या संध्याकाळी घाला आणि सकाळचा चहा गॅसवर करा.