अकरा नंबरची खोली



संध्याकाळच्या वर्गात मुलांना नेमके काय शिकवता, असे भेटीला येणारे पुष्कळ जण विचारतात. मी "पीएलसी" म्हणतो आणि बोलणे तिथेच थांबते. म्हणून या अंकात वर्गातला एकच धडा तुमच्यापुढे ठेवतो. त्यातली चूक माझी आहे, हे आधीच सांगून टाकतो.

पीएलसी म्हणजे यंत्रे चालवणारा छोटा संगणक. तो पॅनेलमध्ये बसतो, सेन्सरकडून खबर घेतो, आत लिहून ठेवलेला प्रोग्रॅम पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचतो आणि त्याप्रमाणे मोटर चालू किंवा बंद करतो. मग पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरू. सेकंदाला असे कित्येक फेरे होतात. टाकी किती भरली, मोटर किती मिनिटे चालली, हे आकडे लक्षात ठेवायला त्याला जागा लागते. त्या जागेला मेमरी म्हणतात, आणि त्यातल्या प्रत्येक जागेला पत्ता असतो.

हा पत्ता मी वसतिगृहावरून शिकवतो. एक लांब व्हरांडा, त्यात ओळीने खोल्या: शून्य, एक, दोन, तीन. प्रत्येक खोलीत आठ खाटा. खाट म्हणजे बिट. तिच्यावर कोणी आहे किंवा नाही, एवढेच. खोली म्हणजे बाइट. आमच्या पॅनेलमध्ये सीमेन्सचा एस७-१२०० आहे. त्यात "एम १०.३" म्हणजे दहाव्या खोलीतली तीन नंबरची खाट, खाटाही शून्यापासूनच मोजायच्या. अख्खी खोली हवी असेल तर "एमबी १०".

एका खोलीत ० ते २५५ एवढाच आकडा मावतो. मोठ्या आकड्याला शेजारशेजारच्या दोन खोल्या द्याव्या लागतात. त्या जोडीला वर्ड म्हणतात आणि तिला पहिल्या खोलीचा नंबर मिळतो. म्हणजे "एमडब्ल्यू १०" लिहिले की दहा आणि अकरा, दोन्ही खोल्या गेल्या. पहिल्या खोलीत २५६ चे गठ्ठे राहतात, दुसरीत सुटे. ३०० हा आकडा ठेवला तर दहाव्या खोलीत १ आणि अकराव्या खोलीत ४४.

मुले इथपर्यंत माना डोलावतात. मीही वर्षानुवर्षे डोलावत आलो होतो.

आता वसतिगृहाच्या पंपाकडे येतो. बोअरला उन्हाळ्यात पाणी कमी, म्हणून मोटर दिवसाला २४० मिनिटांपेक्षा जास्त चालू द्यायची नाही, असा प्रोग्रॅम मी लिहिला होता. टाकीची पातळी टक्क्यांत, ती एमडब्ल्यू १० मध्ये. मोटर चालल्याची मिनिटे एमडब्ल्यू १२ मध्ये. मध्यरात्री ती शून्य होतात. वर्षभर सारे सुरळीत चालले. मग मला सुचले की मोटर दिवसातून किती वेळा चालू होते, तेही मोजावे. यादी पाहिली. दहा भरलेला, बारा भरलेला, मधला अकरा मोकळा. दिला एमडब्ल्यू ११.

सोमवारी सकाळी मोटर घुर्र करून चालू झाली आणि लगेच बंद पडली. वॉचमन काकांनी वीज बंद करून पुन्हा दिली. पुन्हा एक झटका आणि शांत. तालुक्याहून इलेक्ट्रिशियन आला. त्याने मोटरचा करंट पाहिला, ओव्हरलोड रिले पाहिला, दोन्ही ठीक. हाताने पंप चालवायची कळ मी पॅनेलवर ठेवलीच नव्हती. मुली दोन दिवस खालच्या विहिरीवरून हंडे आणत होत्या. आणि मी काय केले? काकांनी पॅनेल उघडून काहीतरी हलवले असणार, असे चारचौघांत बोलून बसलो.

बुधवारच्या वर्गात मी तोच प्रोग्रॅम लॅपटॉपवर उघडला. पाड्यावरून आलेली, आयटीआयच्या दुसऱ्या वर्षाला असलेली एक मुलगी आकडे मोठ्याने वाचू लागली. पातळी ४०. चालू होण्याची मोजणी १०२४१. मिनिटे २५६.

"सर, सकाळपासून मोटर दहा हजार वेळा चालू झाली का?"

वर्ग हसला. ती हसली नाही. तिने वहीत गुणाकार केला: ४० गुणिले २५६ म्हणजे १०२४०, वर एक. "आणि मिनिटं बरोब्बर २५६ कशी आली?"

मग आम्ही फळ्यावर दहा ते तेरा अशा चार खोल्या काढल्या. एमडब्ल्यू १० च्या दहा-अकरा, एमडब्ल्यू १२ च्या बारा-तेरा. माझ्या नव्या एमडब्ल्यू ११ ने अकरा आणि बारा घेतल्या होत्या, म्हणजे दोन्ही घरांतली एकेक खोली. पातळीचे सुटे माझ्या मोजणीत गठ्ठे म्हणून दिसत होते. आणि मोटर एकदा चालू झाली की मोजणीचा एक बाराव्या खोलीत पडायचा. ती खोली मिनिटांच्या गठ्ठ्यांची. एक गठ्ठा म्हणजे २५६ मिनिटे. मर्यादा २४०. मोटर चालू होताच तिचा दिवसभराचा कोटा संपत होता.

पीएलसीने तक्रार का केली नाही, असे एका मुलाने विचारले. चांगला प्रश्न. एकच जागा दोन नावांनी वाचणे कधी मुद्दाम करावे लागते, उदाहरणार्थ वर्डमधली एखादीच खाट तपासायला. म्हणून ते चालवून घेतले जाते. पण प्रोग्रॅमिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये असाइनमेंट लिस्ट असते. कोणती खोली, कोणती खाट कोणी घेतली, हे तिच्यात ओळीने दिसते. मी ती उघडलीच नव्हती.

मोजणी एमडब्ल्यू २० वर नेली आणि पंप चालला. आता वर्गात तीन सवयी लावतो. वर्डला सम नंबरच द्यायचा. ३२ बिटांच्या आकड्याला, म्हणजे एमडी २० सारख्याला, चार खोल्या जातात, तेव्हा पुढचा पत्ता २४. आणि शक्य तिथे डेटा ब्लॉक घेऊन आकड्याला नुसते नाव द्यायचे. खोल्या वाटण्याचे काम सॉफ्टवेअर करते. ही तिसरी सवय सर्वांत चांगली, पण जुनी पॅनेले दुरुस्त करायची तर खोल्या मोजता आल्याच पाहिजेत.

दुसऱ्या कंपनीचा पीएलसी समोर आला की पुन्हा पहिल्यापासून. मित्सुबिशीच्या एफएक्समध्ये डी १० आणि डी ११ ही प्रत्येकी १६ बिटांची वेगळी घरे, तिथे अकरा बिनधास्त घ्यावा. मात्र ३२ बिटांची सूचना डी १० ला दिली की डी ११ ही जातो. त्याच पीएलसीत इनपुटचे नंबर आठ-आठच्या हिशेबात, एक्स ७ नंतर थेट एक्स १०. मॉडबसवर ४०००१ नंबरचे रजिस्टर तारेवरून जाताना शून्य होते. यातले पाठ करून काही उपयोग नाही, मॅन्युअल उघडावे लागते.

गुरुवारी सकाळी पाणी आल्यावर मी वॉचमन काकांकडे गेलो आणि आदल्या वेळी ज्यांच्यासमोर बोललो होतो त्यांच्यासमोरच त्यांची माफी मागितली. काका म्हणाले, "ते राहू द्या सर. हाताने चालवायची कळ कधी बसवताय?" शनिवारी मुलांनी ती बसवली, पॅनेलच्या दारावर, काकांचा हात पोहोचेल एवढ्या उंचीवर.