गांधीजींच्या हत्येचा पाठ

दि. ३० जानेवारी १९४८ रोजी सायंकाळी दिल्लीस प्रार्थनेसाठी निघालेल्या महात्मा गांधींवर नथुराम गोडसे याने गोळ्या झाडिल्या, इतके वलगावचा कोणताही विद्यार्थी सांगेल. पाठ येथेच थांबू नये, असे आम्हांस वाटते. मारेकरी पुण्यातील एका मराठी दैनिकाचा संपादक होता, हेही शिकविले पाहिजे. दहाच दिवसांपूर्वी त्याच बिर्ला भवनात बाँब फुटला होता. तरी प्रार्थनेस येणाऱ्यांची झडती घेऊ देण्यास गांधीजी राजी झाले नाहीत. पुढे महाराष्ट्रात, केवळ मारेकऱ्याच्या जातीचे म्हणून, कित्येक निरपराध ब्राह्मणांची घरे जाळण्यात आली. अहिंसेच्या उपासकासाठी हा सूड! हे सांगताना शिक्षकाने शब्द जपून योजावेत. घरे जळालेल्यांची आणि जाळणारांचीही पतवंडे आज एकाच बाकावर बसत असतील.