देव सोडले म्हणून पाय गेले काय?

उपासक-उपासिकांनो, आजचा पाठ एका आजारावर आहे. धम्माच्या पाक्षिकात आजाराचे काय काम, असे कुणी विचारील. नव्याने दीक्षा घेतलेल्या घरात आजार शिरला की डॉक्टरच्या आधी शेजारपाजार येतो. "देव्हारा नदीत सोडलात, मरीआईला विचारले नाहीत, आता भोगा," असे दाराशी बसून सांगितले जाते. साधा ताप असला तर हे बोलणे तापाबरोबरच उतरते. पण दुखणे वर्षानुवर्षे मुक्काम करणारे असले आणि ते कसले आहे हेच कुणाला कळत नसले, तर बावीस प्रतिज्ञा घेतलेला माणूसही अंधार पडल्यावर म्हसोबाच्या दगडाकडे वळून पाहू लागतो.

मल्टिपल स्क्लेरोसिस हा असाच आजार आहे. डॉक्टर मंडळी त्याला एम. एस. म्हणतात. आपल्या भाषेत त्याला रुळलेले नाव नाही, आणि नाव नसलेल्या दुखण्याला 'करणी' हे नाव पटकन चिकटते.

समजा, श्रीगोंदा तालुक्यातल्या एखाद्या गावची पंचवीस-सव्वीस वर्षांची सून आहे. लिंबाच्या बागेत तोडणीला जाते. एके दिवशी तिला एका डोळ्याने धूसर दिसू लागते, डोळा फिरवला की आत दुखते. काही आठवड्यांत ते आपोआप निवळते. वर्षाने पायांना मुंग्या येतात, पाय शिशासारखे जड होतात, चालताना तोल जातो. महिना-दीड महिन्यात तेही बरेचसे उतरते. मधल्या काळात सासूने भगताचा अंगारा आणलेला असतो. मग उतार कशाने पडला? अंगाऱ्याने!

घात होतो तो येथेच. बहुतेक रोग्यांत हा आजार सुरुवातीला असाच येतो आणि ओसरतो. झटका येणे आणि निवळणे हा त्याचा स्वभावच आहे. भगताचे नशीब असे की, रोगी त्याच्याकडे जातो तो दुखणे शिगेला पोचलेले असताना. त्यानंतर उतारच पडायचा असतो. कोंबडे भगत खातो, श्रेयही भगतच घेतो. प्रत्येक झटक्यात थोडे नुकसान मात्र आत राहून जाते आणि औषधोपचाराची मोलाची वर्षे निघून जातात.

आत काय घडते ते समजून घ्या. विहिरीवरच्या मोटारीची वायर तुम्ही पाहिली आहे. वरचे रबर उंदराने कुरतडले तर तांबे शाबूत असूनही मोटर कधी चालते, कधी अडखळते. आपल्या मेंदूतील आणि पाठीच्या कण्यातील मज्जातंतूंवरही असेच एक आवरण असते. शरीराची रोगाशी लढणारी शक्तीच चुकून त्या आवरणावर तुटून पडते. डोळ्याच्या तंतूवर घाव बसला तर नजर धूसर, पायाकडे जाणाऱ्या तंतूवर बसला तर पाय लुळे. फ्रान्समधील डॉक्टर शार्को यांनी १८६८ मध्ये या आजाराची लक्षणे आणि मेंदूतील चट्टे यांची सांगड घातली. त्यांच्या देशात कुणी मरीआई सोडली नव्हती! आजार बहुधा वीस ते चाळीस या वयात सुरू होतो, पुरुषांपेक्षा स्त्रियांत अधिक दिसतो, आणि तो संसर्गाने पसरत नाही. एका ताटात जेवल्याने, एका अंथरुणात झोपल्याने तो होत नाही.

आता दुसरी शंका, जी आपल्याच माणसांच्या तोंडून येते: "मागच्या जन्मीचे कर्म." संयुक्त निकायात सीवक नावाच्या परिव्राजकाने भगवंतांना हाच प्रश्न विचारला आहे. माणसाला जे सुखदुःख होते ते सारे पूर्वकर्माचेच फळ, हे खरे काय? भगवंतांनी ते मत नाकारले. पित्त, कफ, वात, ऋतुबदल, अपघात अशी अनेक कारणे त्यांनी सांगितली, आणि सरसकट कर्मावर बोट ठेवणारे आपल्या डोळ्यांना दिसणारे सत्यही ओलांडतात असे बजावले. बाबासाहेबांनीही 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात गतजन्मीच्या कर्माचा सिद्धांत धम्मात बसत नाही, असे मांडले आहे. आजारी सुनेला "तुझेच पाप" म्हणणारा जुन्याच धर्मात उभा आहे, भिंतीवर तसबीर कुणाचीही असो.

एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. नाडा तोडून त्या जागी परित्राणाचा दोरा बांधला आणि औषध बंद केले, तर फरक काय पडला? सुत्तपठणाने, आनापानाने मनाला धीर येतो; कुरतडलेले आवरण त्याने भरून येत नाही. खुद्द बाबासाहेबांना मधुमेह होता, पायांच्या वेदनांनी त्यांना वर्षानुवर्षे छळले. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला ते काठीच्या आधाराने उभे होते. त्यांनी डॉक्टरांचे उपचार घेतले, इन्सुलिन घेतले. नवस बोलले नाहीत.

विनयपिटकाच्या महावग्गात एक प्रसंग आहे. अतिसाराने आजारी पडलेला एक भिक्षू स्वतःच्याच मलमूत्रात पडून होता. तो इतरांच्या उपयोगाचा नाही म्हणून कुणी त्याच्याकडे फिरकत नव्हते. भगवंतांनी आनंदाकडून पाणी मागवले, स्वतः पाणी ओतले, आनंदाने त्याचे अंग धुतले आणि दोघांनी उचलून त्याला मंचकावर ठेवले. ज्याला माझी सेवा करावयाची आहे त्याने आजाऱ्याची सेवा करावी, असे मग त्यांनी संघाला सांगितले. तेथेच शुश्रूषा करणाऱ्याचे पाच आणि रोग्याचे पाच गुण सांगितले आहेत. रोग्याने पथ्य पाळावे, प्रमाण ओळखावे, औषध घ्यावे, वेदना सोसावी हे तर आहेच. पण आपले दुखणे सेवा करणाऱ्याला जसे आहे तसे सांगावे, हाही एक गुण आहे. हा गुण आपल्या बायकांनी नीट वाचावा. या आजारात लघवी आवरत नाही किंवा अडते. लाजेपोटी बाई ते लपवते, पाणी पिणे सोडते, आणि त्यातून जंतुसंसर्ग होऊन दुखणे वाढते. डॉक्टरला सांगा, त्यावर उपाय आहेत. आणि सेवा करणाऱ्याच्या गुणांत मलमूत्राची किळस न करणे हा एक गुण सांगितला आहे, हे नवऱ्यांनी वाचावे.

थकवा हे या आजाराचे सर्वांत न दिसणारे लक्षण. हातपाय धड दिसतात, पण भाकरी थापताना मध्येच बळ संपते. घर तिला आळशी ठरवते. सोंग नव्हे ते. उन्हाने व अंग तापल्याने लक्षणे तात्पुरती वाढतात, आणि श्रीगोंद्याचा एप्रिल-मे तुम्हाला सांगायला नको. कामे पहाटे उरकावीत, दुपारी विसावा घ्यावा, मानेवर ओले फडके ठेवावे, कढत पाण्याने आंघोळ टाळावी. डॉक्टरांच्या सल्ल्याने व्यायाम मात्र चालू ठेवावा.

तपासणीला उशीर नको. ग्रामीण रुग्णालयातून चिठ्ठी घेऊन मेंदूविकार तज्ज्ञापर्यंत पोचा. अहिल्यानगर नाहीतर दौंडमार्गे पुणे. निदानासाठी एम. आर. आय. लागतो. झटक्याच्या वेळी काही दिवस स्टेरॉइडची इंजेक्शने देतात. झटके कमी करणारी औषधे १९९३ पासून निघाली. आजार मुळापासून जात नाही, पण आवरता येतो. ही औषधे महाग आहेत, हे खरे. म्हणून कागद करून ठेवा. १९९५ च्या अपंग कायद्यात हा आजार नव्हता. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत तो आहे. प्रमाणपत्रासाठी ऑनलाइन अर्ज करून जिल्हा रुग्णालयात तपासणी होते. अपंगत्व चाळीस टक्के ठरले आणि उत्पन्नाची अट बसली तर तहसील कचेरीत संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज करता येतो. मुंबईत १९८५ मध्ये स्थापन झालेली मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटीही रोग्यांना मार्गदर्शन करते.

शेवटी नकुलमातेची गोष्ट. तिचा नवरा नकुलपिता आजारी पडला, संसाराच्या काळजीने खचला. तिने त्याला सांगितले, मला सूत कातता येते, लोकर पिंजता येते, मुले मी वाढवीन, तुम्ही घोर लावून घेऊ नका. तो बरा झाला आणि भगवंतांनी त्याच्याजवळ तिची वाखाणणी केली. आपल्याकडे उलट घडते. बायकोचे पाय अडखळू लागले की तिला माहेरी पोचते करतात आणि दुसरीकडे सोयरीक शोधतात. ज्या घरात ती आजारी आहे तेथे नवऱ्याने ही कथा एकदा मोठ्याने वाचावी, आणि भाकरी थापायला शिकावे. विहाराच्या पायऱ्या तिला चढवत नसतील तर उपासकांनी एका बाजूला उतार बांधून कठडा बसवावा. तोवर येत्या पौर्णिमेची वंदना तिच्या ओट्यावर घ्यावी.