अंतराळ स्थानकाची वाट

२५ जून २०२५ रोजी आपल्या घड्याळात दुपारचे १२ वाजून १ मिनिट झाले असता अमेरिकेतील फ्लोरिडा प्रांताच्या केनेडी अंतराळ केंद्रावरून एक अग्निबाण उडाला. त्याच्या माथ्यावरील 'ड्रॅगन' यानात चौघे प्रवासी होते: अमेरिकेच्या पेगी व्हिट्सन, पोलंडचे स्लावोश उझ्नान्स्की, हंगेरीचे टिबोर कापू आणि आपल्या वायुदलातील ग्रुप कॅप्टन शुभांशु शुक्ला. ३ एप्रिल १९८४ रोजी राकेश शर्मा सोव्हिएत यानातून 'साल्यूत ७' या स्थानकाकडे गेले होते. त्यानंतर ४१ वर्षांनी भारताचा नागरिक पुन्हा पृथ्वीभोवतीच्या कक्षेत गेला. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकात राहून आलेले शुक्ला हे पहिलेच भारतीय होत.

ही वार्ता सर्वांनी ऐकली आहे. तिच्यामागील शास्त्र मात्र थोड्यांच्याच कानी पडले असेल. सबब ते येथे, मुलांना वर्गात सांगतो त्याच क्रमाने, सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

स्थानक खाली का पडत नाही?

असीरगडाच्या बुरुजावर उभे राहून समोर दगड फेकला तर तो थोडा पुढे जाऊन खाली पडेल. अधिक जोराने फेकला तर अधिक दूर पडेल. आता अशी कल्पना करा की, हवेचा अडथळा मुळीच नाही आणि दगडाचा वेग सेकंदाला सुमारे ८ किलोमीटर आहे. मग दगड जितका खाली येतो तितकीच पृथ्वीची गोलाईही त्याच्याखाली वळत जाते, आणि दगड जमिनीस कधीच टेकत नाही. स्थानक हे असेच अखंड पडत असते. सुमारे ४०० किलोमीटर उंचीवरून, सेकंदाला साडेसात किलोमीटरांहून अधिक वेगाने, ते दीड तासात पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करते. बऱ्हाणपूर ते मुंबई एवढे अंतर तोडण्यास त्यास जेमतेम एक मिनिट पुरे.

तेथे गुरुत्वाकर्षण नसते हा समज चुकीचा आहे. त्या उंचीवरही ते जमिनीवरच्या सुमारे नऊ दशांश असते. स्थानक व आतील माणसे एकत्रच पडत असल्याने त्यांना वजन जाणवत नाही, एवढेच.

मुहूर्त मिनिटाचा का?

चेंडूभोवती तिरकी बांगडी धरावी आणि आत चेंडू फिरवावा. बांगडी म्हणजे स्थानकाची कक्षा, चेंडू म्हणजे पृथ्वी. चेंडूवरील एखादा ठिपका फिरत फिरत बांगडीखाली येतो, तो क्षणच उड्डाणाचा. तो चुकला की उड्डाणतळ कक्षेखालून पुढे सरकतो, आणि मग त्या दिवशी पुष्कळ इंधन जाळूनही उपाय चालत नाही. पुढील योग साधारण दुसऱ्या दिवशी येतो.

योग साधला तरी यान स्थानकाशी लगेच पोहोचत नाही. ते आधी खालच्या कक्षेत जाते. खालची कक्षा लहान आणि तीत वेगही अधिक, म्हणून यान मागून येऊन स्थानकास गाठते. पुढच्यास गाठण्यासाठी नुसता वेग वाढविला तर यान वरच्या कक्षेत चढते आणि उलट मागेच पडते! शुक्ला यांच्या यानास हा पाठलाग पुरा करण्यास २८ तास लागले. २६ जून रोजी दुपारी चारच्या सुमारास ते स्थानकास जोडले गेले.

थांबण्याचे शहाणपण

हे उड्डाण एकदा नव्हे, अनेकदा पुढे गेले. ११ जूनचे उड्डाण थांबले ते अग्निबाणात द्रवरूप प्राणवायूची गळती आढळली म्हणून. पुढे स्थानकाच्या रशियन भागातील हवागळतीची दुरुस्ती पारखून घेण्यासाठी आणखी काही दिवस गेले. त्या दिवसांत प्रवाशांस कोणी नालायक म्हटले नाही. तयारी चालू राहिली, दोष दूर झाला, मग यान निघाले. शुक्ला यांच्यासाठी राखीव असलेले प्रशांत नायर यांनीही तीच शिकवण घेतली होती. १९८४ साली रवीश मल्होत्रा यांनीही राकेश शर्मा यांच्याबरोबर सारी तयारी केली होती. ते गेले नाहीत म्हणून त्यांची विद्या वाया गेली असे कोण म्हणेल?

सोळा सूर्योदय आणि पाच नमाज

स्थानकावरून २४ तासांत सुमारे १६ वेळा सूर्य उगवताना दिसतो. मग नमाज किती वेळा, असे मुले हमखास विचारतात. ऑक्टोबर २००७ मध्ये मलेशियाचे शेख मुझफ्फर शुकोर रमजानच्या दिवसांत स्थानकावर गेले, तेव्हा त्यांच्या देशातील उलेमा व शास्त्रज्ञ यांनी मिळून याचा विचार केला. २४ तासांत पाचच नमाज, वेळ उड्डाणस्थळाची, किब्ल्याची दिशा साधेल तशी, आणि रोजे परतल्यावर ठेवण्याची मुभा, असे ठरले. आम्हांस यात नवल वाटत नाही. आपल्या गावच्या जामा मशिदीत फारुकी राजवटीतला संस्कृत शिलालेख अरबी लेखाबरोबर नांदतो आहे, आणि त्यात मशिदीचा काळ पंचांगाच्या रीतीने कोरला आहे. आकाशाचे गणित आणि इबादत यांचे वैर आपल्या पूर्वजांनी मानले नाही.

आपणांसाठी

१५ जुलै रोजी यान प्रशांत महासागरात सुखरूप उतरले. स्थानकावरील मुक्कामात शुक्ला यांनी मूग व मेथीचे दाणे अंकुरविण्याचाही प्रयोग केला. तो तर आपल्या मुलांस घरी ओल्या फडक्यावर करून पाहता येईल.

सभासदांस एक विनंती करून हा पाठ संपवितो. आपल्या गावी घरोघर यंत्रमाग आहेत. हात कमी पडला की आठवी-नववीतल्या मुलास "एक वर्षापुरते" मागावर बसवितात, मुलीस तर न विचारताच घरी ठेवितात. यानास दुसऱ्या दिवशी पुन्हा योग मिळतो. शाळेतून उठलेले मूल वर्षाने परत आल्याचे आम्ही फार क्वचित पाहिले आहे. याउलट, नापास झालेल्या मुलाचे शिक्षण बंद करण्याचीही घाई नको. गळती कोठे आहे ते शोधावे, गणितात की इंग्रजीत, आणि ती बुजवावी. ट्रस्टने शिष्यवृत्ती देताना गुणवंतांबरोबरच अशा एक वर्ष मागे राहिलेल्या मुलामुलींचाही विचार करावा, असे आम्हांस मनापासून वाटते.